पिकअप, ठोकळा आणि बाकीची मिळकत

मी, खाली सही करणारी, वय वर्षं एकाहत्तर, धंदा रोपवाटिकेचा, नवरा हयात नाही, डोळ्यांना चष्मा, कान शाबूत, हे मृत्युपत्र स्वखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते. दडपण आणायचा प्रयत्न बऱ्याच जणांनी केला, तो पुढे त्या त्या जागी येईलच. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. त्यांनी मला शंभरातून सात सात वजा करत जायला सांगितलं. मी विचारलं, असल्या गणितातच राहणाऱ्या माणसाबरोबर संसार केला, त्याचे काही गुण धरता येतील का. त्यांनी हसून सही दिली.

येत्या मंगळवारी माझी छाती उघडणार आहेत. मुलगा म्हणतो, "आई, तू कसली काळजी करू नकोस." हे म्हणताना त्याचं लक्ष खिडकीबाहेर माझ्या पिकअपकडे होतं. मी इस्पितळातून घरी आले त्याच आठवड्यात त्याने एक गिऱ्हाईक आणून गाडीभोवती फिरवलं. गिऱ्हाइकाने टायरला लाथ मारून पाहिली. मी खाटेवर पडून सगळं पाहत होते. तेव्हा, मी ऑपरेशनच्या टेबलावरून उठले नाही तर सगळ्यात आधी काय विकलं जाईल ते मला कळलं आहे. ते विकलं जाऊ नये एवढ्याचसाठी हा कागद. घर आणि पैसे त्यात ओघाने आले.

यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते मास्तरांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, आम्हा दोघांचं मिळून एकाच कागदावर पाठपोट लिहिलं होतं. कागद वाचावा म्हणून.

वकीलसाहेब प्रत्येक मुद्द्याला कलम म्हणतात. मी जन्मभर वेगळीच कलमं बांधली, पण त्यांच्या शब्दाला मान देते.

कलम १. राहतं घर. खाली दोन खोल्या, वर एक, मागे न्हाणी. मुलगा आणि सून यांना निम्मं निम्मं. जिन्यात मास्तरांनी लावलेला दिवा आहे, त्याच्या उजेडात फक्त दिवा दिसतो, पायरी दिसत नाही. तो पहिल्या दिवशी बदलावा. पंख्याचं बटण, नळाची धार, गॅसची ज्योत, मास्तरांनी या घरात सगळं निम्म्यावर आणून ठेवलं होतं. पाहुण्यांना तो साधेपणा वाटायचा, कारण पाहुणे संध्याकाळी आपल्या घरी जायचे.

कलम २. रोपवाटिका. जमीन, शेडनेट, पाण्याची टाकी, कुंड्या, खत, आणि ऑफिस म्हणून जिला आम्ही हाक मारतो ती पत्र्याची खोली, हे सगळं सुनेला. गेली सात-आठ वर्षं फोन तीच घेते, मालही तीच लावते आणि पैसे बुडवणाऱ्यांशी गोडीत बोलून पैसे तीच काढते. माझ्या कात्र्या, कलमाचा चाकू, झाड उचलायचे पट्टे आणि साखळीची पुली तिचीच. चाकू दुसऱ्या कोणाला वापरायला देऊ नये. विशेषतः मुलाला, तो त्याने पाकिटं उघडतो.

कलम ३. बँकेत असेल ती शिल्लक. इस्पितळाचं देणं भागवून दोघांनी सारखी वाटून घ्यावी. मास्तर असते तर त्यांनी इथे एक पान भरलं असतं. मला पुढचं लिहायचं आहे.

कलम ४. मास्तरांची छोटी गाडी. ही मुलाला. तशीही तोच चालवतो, आणि खाण तशी माती.

मास्तर शाळेत गणित शिकवायचे आणि गाडीत बसल्यावरही तास चालू ठेवायचे. सिग्नल लागला, इंजिन बंद. उतार लागला, इंजिन बंद. खिडकी उघडायची नाही, वारा गाडीला मागे धरतो. चालवताना चप्पल काढून ठेवायची, नाहीतर पाय जड पडतो. एकदा त्यांनी गाडीचं वजन कमी व्हावं म्हणून स्टेपनी काढून खाटेखाली ठेवली आणि आम्ही भाचीच्या लग्नाला निघालो. अर्ध्या वाटेत टायर बसला. मास्तर मिळेल त्या गाडीने घरी गेले, आणि स्टेपनी मांडीवर घेऊन टॅक्सीने परत आले. मी रेशमी साडी नेसून रस्त्याच्या कडेला दगडावर बसले होते. आम्ही पोचलो तेव्हा नवरानवरी निघून गेली होती आणि खुर्च्या गोळा करत होते. घरी येताना मास्तर म्हणाले, "पण अॅव्हरेज बघ काय पडलं." दात कोरून पोट भरत नाही असं म्हणतात. आमच्याकडे ते भरतं असं सिद्ध करायचा प्रयत्न अखेरपर्यंत चालू होता.

मुलाच्या हाती गाडी आली तेव्हा त्याने त्यात एक छोटा पडदा बसवून घेतला. हळू चालवलं की त्यावर हिरवं पान उमटतं. घरी हिरवीगार झाडं सोडून हा माणूस रोज ऑफिसला जाताना ते पान बघत जातो.

कलम ५. दीर. यांनी वर्षानुवर्षं माझी पिकअप मागून नेली. "वहिनी, अर्ध्या तासात आणतो." अर्धा तास कोणत्या दिवसाचा ते सांगत नसत. गाडी परत यायची तेव्हा डिझेलचा काटा तळाला टेकलेला. मला एक ब्रेक जास्त मारला म्हणून ऐकवणारे मास्तर भावापुढे मात्र मूग गिळून बसायचे. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ते हेच. दिरांना माझा डिझेलचा मोठा कॅन द्यावा. रिकामा द्यावा, त्यांना तशीच सवय आहे.

कलम ६. पिकअप.

आता नीट बसून लिहिते. ही गाडी मी माझ्या कमाईने घेतली. एका मोठ्या कंपनीच्या आवारात वाढलेली झाडं लावायचं काम मिळालं होतं. रोप कोणीही डोक्यावर नेईल. वाढलेलं झाड मुळांच्या मातीच्या गोळ्यासकट न्यायचं तर त्याला दमदार गाडी लागते, कारण आमची रोपवाटिका टेकडीच्या पलीकडे आणि गिऱ्हाइकं सगळी अलीकडे. दुकानात मी विचारलं, यातलं सगळ्यात ताकदीचं इंजिन कोणतं. विकणारा माझ्याकडे न बघता मास्तरांना म्हणाला, "साहेब, ते जरा जास्त पितं." मास्तरांचा चेहरा पडला. मी म्हटलं, "पिऊ दे, घरात कोणीतरी पोटभर प्यायला हवं."

ती पिते. पिते म्हणजे पितेच, त्यात मी खोटं बोलणार नाही. पंपावरचा माणूस मला लांबून पाहून उठून उभा राहतो, एवढा मान मला माझ्या माहेरी मिळाला नाही.

पण तुम्ही ती चालवून पाहिली आहे का? रिकामी गाडी घेऊन निघालं की टेकडीचा चढ सुरू होतो तिथे वडाच्या वळणावर दुसरा गिअर टाकायचा आणि पाय दाबायचा. आधी आवाज येतो, मग सीट पाठीला ढकलते, आणि मग समोरचे सगळे हिरवं पानवाले मागे जातात. दिवसभर माती उपसून मोडलेली कंबर त्या चढावर सरळ व्हायची. मला त्यात सुख वाटायचं. त्याला दुसरा शब्द शोधत बसत नाही. मुलगा लहान होता तेव्हा मधल्या सीटवर बसून ओरडायचा, "आई, अजून दाब." पुढे तो शिकला.

मागे झाड असलं की मात्र मी मुंगीच्या चालीने जायचे. जाळी बांधली तरी वाऱ्याने पानं फाटतात, हे धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. मास्तर शेजारी बसून म्हणायचे, "बघ, सावकाशही जमतं तुला." मी म्हणायचे, "अहो, ते झाडासाठी." ते खिडकीबाहेर बघायचे. त्यांना स्वतःला ती गाडी कधी चालवता आली नाही, पण उंटावरून शेळ्या हाकायला कोणाची ना नव्हती.

वकीलसाहेब म्हणाले, "काकू, हे मृत्युपत्रात बसत नाही." मी म्हटलं, "बसवा. त्या पिकअपमध्ये मी काय काय बसवलं आहे ते तुम्ही पाहिलेलं नाही."

कलम ७. ठोकळा. लांबी वीतभर, लाकूड जुन्या शाळेच्या बाकाचं, रंग काळा. याचा इतिहास सांगितल्याशिवाय तो कोणाला देता येत नाही.

गाडी घेऊन दोनेक वर्षं झाली असतील. एके दिवशी ती चढावर धापा टाकायला लागली. पाय दाबावा तर निम्म्यावर दम संपायचा. मी ती गॅरेजात नेली. मिस्त्री बॉनेट उघडून इंजिनापाशी हाताने केबल ओढायचे, की इंजिन डरकाळी फोडायचं. "वहिनी, ठणठणीत आहे." मी चालवायला बसले की पुन्हा दमेकरी. फिल्टर बदलला, टाकी धुतली, इंजेक्टर शहरात पाठवले, पंप उतरवला. मिस्त्री बिचारे इंजिनाशी जिथे जिथे भिडायचे तिथे भिडले. माझ्या जागेवर बसून पाय दाबून बघावा, हे ना त्यांना सुचलं ना मला. मास्तर दर वेळी बिल वाचून गंभीरपणे मान हलवायचे आणि म्हणायचे, "मोठ्या इंजिनांचं असंच असतं."

मग एकदा खताचं पोतं पुढच्या बाजूला फुटलं, म्हणून मी पायाखालचं रबर काढून धुवायला घेतलं. खाली, अॅक्सिलरेटरच्या बरोब्बर मागे, हा ठोकळा चिकटवलेला. घासून गुळगुळीत केलेला, कोपरे गोल केलेले, रबराला शोभेल असा काळा रंग दिलेला. एवढ्या मायेने या माणसाने घरातलं एक कपाट दुरुस्त केलं नव्हतं.

मास्तर जेवत होते. मी ठोकळा त्यांच्या ताटाशेजारी ठेवला.

"हे काय आहे?"

"ठोकळा."

"तो दिसतोय मला. गाडीत कशाला?"

मास्तरांनी घास संपवला. "डिझेल वाचतं," म्हणाले, आणि पाणी प्यायले.

गॅरेजच्या बिलांत दोन वर्षांचं डिझेल आलं असतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.  ठोकळा मी ऑफिसच्या दाराला अडसर म्हणून लावला, जाता येता त्यांच्या नजरेला पडावा म्हणून. मास्तर गेले तरी तो तिथेच होता. या दुखण्याच्या आदल्या दिवशी दिसेनासा झाला, तेव्हा मी झाडणाऱ्या बाईला बोल लावला. तिची मी माफी मागितली आहे, आणि माझा नवा कोट तिला द्यावा.

आता दुखणं. दुपारची वेळ, मुलगा त्याच्या गाडीने ऑफिसला गेलेला. गिऱ्हाइकाकडे न्यायचं एक बकुळीचं झाड पिकअपमध्ये चढवून झालं होतं, आणि मी जाळी बांधता बांधता खाली बसले. छातीवर कोणीतरी मातीचं पोतं टाकलं असं वाटलं. सुनेने मला उचलून आत बसवलं आणि किल्ली फिरवली. या मुलीला मी लग्नापासून गार पाणी म्हणत आले. नवऱ्याच्या गाडीत ती नेहमी हिरवं पान उमटवायची, त्याचं त्याला कोण कौतुक. मी मनात म्हटलं, आज आपण पानापानाने इस्पितळात पोचणार.

चढ लागला आणि गाडी धापा टाकायला लागली. तोच तो निम्म्यावरचा दम. मला वाटलं माझीच छाती ऐकू येते आहे. सुनेने गाडी कडेला घेतली, खाली वाकली, रबराखाली हात घालून हिसडा मारला, आणि ठोकळा माझ्या मांडीवर ठेवला.

"आई, हा धरा."

"तुला ठाऊक होतं?"

"ह्यांना चिकटवताना पाहिलं मी. विचारलं तर म्हणाले, डिझेल वाचतं. आता बोलू नका, घट्ट धरून बसा."

मग तिने पाय दाबला. मी आयुष्यात खूप गाडी चालवली, पण दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत मान मागे आपटायची माझी ती पहिलीच वेळ. वडाच्या वळणावर तिने न सांगता दुसरा गिअर टाकला. त्या दुखण्यातही मला वाटलं, हे हिला कोणी शिकवलं? मागे बकुळीची पानं उडत होती. इस्पितळाच्या दारात थांबलो तेव्हा झाडावर एकही पान शिल्लक नव्हतं. डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या, आणखी थोडा उशीर झाला असता तर त्यांच्या हातात काही राहिलं नसतं.

म्हणून कलम ६ आता पुरं करते. पिकअप, तिच्या किल्ल्या, कागदपत्रं आणि तिच्या पिण्यासकट, पूर्णपणे आणि एकटीच्या मालकीने सुनेला. ती विकायचा, बदलायचा किंवा तिच्याभोवती गिऱ्हाइकं फिरवायचा कोणताही हक्क मुलाला नाही. त्याने शेजारी बसावं.

राहिला ठोकळा. मी शुद्धीवर आले तेव्हा मुलगा खाटेपाशी उभा होता. एवढ्यात इस्पितळाचा पहारेकरी आत आला. "फाटकात आडवी छोटी गाडी कोणाची? दारं उघडी आहेत. दुपारपासून चालू होती, आत्ता बंद पडली." मुलगा खिशात किल्ली चाचपू लागला. ती गाडी त्याची होती. सिग्नलला इंजिन बंद करणारा माझा मुलगा गाडी तशीच घुरघुरत सोडून आत धावला होता, आणि टाकी कोरडी होईपर्यंत त्याला गाडीची आठवण झाली नव्हती.

पहारेकरी गेल्यावर मी विचारलं, "ठोकळा का लावलास?"

त्याने नाक पुसलं. डोळे लाल होते. "डिझेल वाचतं, आई."

अगदी तोच आवाज. मी उशीवर डोकं टेकून पडले आणि मास्तर गेल्यावर कित्येक वर्षांनी मला त्या जेवणाच्या ताटाशी त्यांनी काय सांगितलं होतं ते ऐकू आलं. रात्री त्यांना झोप का लागत नसे, मी परतेपर्यंत ते फाटकाशी का उभे असत, आणि गाडी दिसली की आत जाऊन वर्तमानपत्र का उघडून बसत, तेही कळलं. दोघंही शिकलेले, एक तर मास्तर. "मला तुझी काळजी वाटते." हे बोलायला काही डिझेल लागत नाही. पण आमच्या घरात तेही निम्म्यावर आणून ठेवलेलं.

हे कळलं म्हणून मी विरघळले असं कोणी समजू नये. काळजीने लावलेला ठोकळाच माझा जीव घेत होता, हे मुलाने ध्यानात ठेवावं. मला वाचवलं ते माझ्या पिणाऱ्या गाडीने. ठोकळा मुलाला देते. त्याने तो टेबलावर, दाराशी, कुठेही ठेवावा. मात्र तो कोणत्याही वाहनाच्या अॅक्सिलरेटरखाली सापडल्यास मुलाचा घरातला निम्मा हिस्सा तात्काळ दिरांकडे जावा. या धमकीपुढे दुसऱ्या कायद्याची गरज नाही, हे वकीलसाहेबांनीही कबूल केलं.

कलम ८. बकूळ. गिऱ्हाइकाने बिनपानांचं झाड घ्यायला नकार दिला, त्यात त्याचं चुकलं नाही. ते मी ऑफिसमागे लावून घेतलं. आता त्याला टोकाटोकाला पालवी आहे. पुढेमागे हलवायचं झाल्यास इस्पितळाच्या फाटकाशी, गाड्या उभ्या राहतात तिथे सावली पडेल असं लावावं. नेताना सावकाश न्यावं.

कलम ९. शेवटचा प्रवास. मला पिकअपमधून न्यावं. सुनेने चालवावी. रडवेल्या चालीने जाऊ नये, माझी पानं फाटायची नाहीत. वडाच्या वळणावर दुसरा गिअर. दिरांनी मागून त्यांच्या स्वतःच्या डिझेलने यावं.

वरील मजकूर मी वाचून घेतला, वकीलसाहेबांनी दोनदा वाचला आणि एकदा नाक मुरडलं. तो माझ्या मर्जीप्रमाणे आहे. अंमलबजावणी वकीलसाहेबांनी करावी.

सही: (माझी, हात थरथरला तो दुखण्याने, विचार बदलल्याने नाही)

साक्षीदार पहिले: गॅरेजवाले मिस्त्री. यांना या कागदाने काही मिळत नाही, त्यांना जे मिळायचं ते ठोकळ्याने मिळवून दिलं.

साक्षीदार दुसऱ्या: डॉक्टरीणबाई.

स्थळ: रोपवाटिकेचं ऑफिस, दार उघडं, अडसराला सध्या वीट.

दिनांक: वकीलसाहेबांच्या शिक्क्यावर आहे ती.

वकीलसाहेब म्हणतात, सह्यांच्या खाली लिहिलेलं कायद्यात धरत नाहीत. म्हणूनच हे इथे लिहिते.

बाळा, मंगळवारी मला न्यायला तुझी गाडी आणू नकोस. पिकअप काढ, आणि त्या दिवशी तू चालव, मी सूनबाईला विचारलं आहे. चढावर पाय पूर्ण दाब, मी शेजारी असेन. परतताना मात्र तू एकटा असशील, ती माझ्यापाशी थांबणार आहे. तेव्हा उतारावर सावकाश ये. डिझेल वाचतं.